इंधन कमी करायचं तर आधी न्हाणीघरात आणि पार्किंगमध्ये बघा

नागपूरच्या मानेवाड्यात राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात पाच माणसं: त्या, यजमान, सासू-सासरे आणि कॉलेजात जाणारा मुलगा. सासरे स्वयंपाकघरात डोकावले की गॅस बारीक करून जातात. 'परदेशातून येते तो, जपून वापरा' हे त्यांचं म्हणणं. मुलगा म्हणतो, 'एका घरानं वाचवून काय फरक पडून राहिला? ट्रक अन् कारखाने तर जाळूनच राहिले ना!' यजमान बाईकवर हिंगणा एमआयडीसीत जातात, ताई स्कूटरवर सीताबर्डीला. एक कार आहे, ती 'लागेल तशी' निघते. ताईंना तीन गोष्टी हव्या आहेत. घराने खरंच इंधन कमी करावं का, इंडक्शन शेगडी घ्यावी का, आणि मुलगा मागतोय ती इलेक्ट्रिक स्कूटर द्यावी का.

ताई, माझं उत्तर 'हो, कमी करा' असंच आहे. पण सासरेबुवा जिथे कमी करतायत तिथे फार काही नाही, आणि जिथे खरंच जळतंय तिकडे घरात कुणाचंच लक्ष नाही. शिवाय काही घरांनी अजिबात कमी करू नये, असंही माझं ठाम मत आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

माझा धंदा एनर्जी ऑडिटचा, म्हणजे कुठे किती इंधन-वीज लागते आणि वाया जाते ते मोजण्याचा. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांत बॉयलर, भट्ट्या, कॉम्प्रेसर तपासण्यात उमेदीची वर्षं गेली. आता मेस, मंगल कार्यालयं, सोसायट्या आणि ओळखीपाळखीची घरंही बघतो. कारखान्यात पहिला नियम असतो की मोजल्याशिवाय बोलायचं नाही. घरात नेमकं उलटं चालतं. तिथे आवाज करणारी किंवा डोळ्यांना दिसणारी गोष्ट खर्चिक वाटते. गॅसची ज्योत दिसते म्हणून तिच्यावर सगळ्यांचा राग. पेट्रोल टाकीत असतं, दिसत नाही. गिझर भिंतीवर गपचूप तापत असतो.

म्हणून आधी तुमच्या घराचा हिशेब एका मापात मांडू. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो पूर्ण जळला की साधारण १८० युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, एवढी उष्णता निघते. एक लिटर पेट्रोलमध्ये ९ युनिटच्या आसपास. म्हणजे २० लिटर पेट्रोल आणि एक भरलेला सिलिंडर यांत उष्णता जवळपास सारखीच. हे एकच समीकरण लक्षात ठेवा, बाकी आपोआप उलगडतं.

यजमानांचं जाणं-येणं रोज २६ किलोमीटर धरलं तर महिन्याच्या २५ कामाच्या दिवसांत ६५० किलोमीटर होतात. बाईक पन्नासचं अ‍ॅव्हरेज देत असेल तर १३ लिटर. तुमची स्कूटर रोज १४ किलोमीटर, पंचेचाळीसच्या अ‍ॅव्हरेजने, म्हणजे ८ लिटरच्या थोडं आत. कार महिन्याला ३०० किलोमीटर, गावात पंधरा देते म्हटलं तर २० लिटर. एकूण ४१ लिटर. दोन सिलिंडरांहून थोडी जास्तच उष्णता तुम्ही दर महिन्याला पार्किंगमधून नेता. पाच माणसांच्या रोजच्या स्वयंपाकाला मात्र एक सिलिंडर चाळीस-पंचेचाळीस दिवस पुरतो. आता सांगा, सासरेबुवांनी पहारा कुठे द्यायला हवा? पैशांतही तेच. तेवढ्याच उष्णतेला पेट्रोलचे पैसे गॅसच्या दुपटीपर्यंत जातात.

मुलाच्या शंकेबद्दल

तो अर्धा बरोबर आहे. देशात जे पेट्रोलियम पदार्थ जळतात त्यात सर्वांत मोठा वाटा डिझेलचा, पाच भागांतले जवळपास दोन. ते ट्रक, बस, ट्रॅक्टर, पंप, यंत्रं यांत जातं. मानेवाड्यातल्या घराने काहीही केलं तरी त्यात फरक पडत नाही. पण स्वयंपाकाच्या गॅसचं गणित वेगळं आहे. देशात वर्षाला तीन कोटी टनांहून जास्त एलपीजी लागतो आणि त्यातला बहुतांश घरांच्या ओट्यावर जळतो. हॉटेलं, कारखाने मिळून उरलेला थोडा भाग. गरजेच्या साधारण ६० टक्के एलपीजी आपण बाहेरून आणतो, तोही मुख्यतः आखाती देशांतून, होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून. तिकडे काही बिनसलं की इकडे बुकिंगला उशीर आणि दर वर, हे आपण अनुभवतोच. घरगुती वापर दहा टक्क्यांनी घटला तर वर्षाला पंचवीस लाख टनांवर गॅस आणावा लागणार नाही. त्यात तुमच्या घराचा वाटा एक-दीड सिलिंडर असेल, पण या इंधनाचा गिऱ्हाईक मुळात घरच असल्यामुळे बचत दुसरं कुणी करूच शकत नाही. पेट्रोलचंही थोडंफार तसंच. ते दुचाकी आणि खासगी गाड्यांतच जळतं.

मुलाला एवढंच सांगा की त्याची ट्रकबद्दलची तक्रार रास्त आहे, पण तो स्वतः बाईक घेऊन पानठेल्यापर्यंत जातो ते पेट्रोल ट्रकच्या हिशेबात धरता येत नाही.

न्हाणीघर

आता सगळ्यात दुर्लक्षित जागा. नागपुरात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल असं येतं, त्यामुळे आंघोळीच्या गरम पाण्याचा खर्च आपल्याला वर्षभर आठवत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो खर्च चोरपावलांनी येतो. डिसेंबरच्या सकाळी टाकीतलं पाणी १८ अंशांच्या आसपास असतं. २० लिटरची एक बादली ४० अंशांवर न्यायला ४४० किलोकॅलरी लागतात (एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला लागते ती एक किलोकॅलरी). शेगडीवर गंजात, म्हणजे पातेल्यात, तापवलं तर बरीच उष्णता बाजूने निसटते, म्हणून एका बादलीला सुमारे ६८ ग्रॅम गॅस जातो. पाच माणसं, तीस दिवस म्हणजे १० किलो. ताई, हा सिलिंडरचा दोन-तृतीयांश भाग झाला आणि तो नुसत्या आंघोळीवर गेला! उन्हाळ्यात दीड महिना चालणारा सिलिंडर थंडीत तीन आठवड्यांत का संपतो याचं उत्तर हेच. दरवर्षी जानेवारीत लोक मला विचारतात, 'सर, सिलिंडरमध्ये गॅस कमी भरून येऊन राहिला का?' कधी कधी तसंही होत असेल. खात्री करायला सिलिंडरच्या वरच्या कडीपट्टीवर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं, त्यात १४.२ मिळवा आणि डिलिव्हरीवाल्याकडून काट्यावर तोलून घ्या. तुमचा तो हक्क आहे. पण बहुतेक वेळा वजन बरोबर निघतं आणि दोषी न्हाणीघरच ठरतं.

गिझर लावला तर तेवढ्याच पाण्याला महिन्याला ८० ते ८५ युनिट. वीज घ्या की गॅस, खर्च होतोच. दोन्हीला हरवणारी वस्तू म्हणजे सोलर वॉटर हीटर. विदर्भाचा हिवाळा कोरडा आणि स्वच्छ उन्हाचा असतो. जेव्हा गरम पाणी हवं असतं तेव्हाच आकाश मोकळं असतं, ही आपली चैन आहे, मुंबई-कोकणाच्या पावसाळी थंडाव्यात ती नाही. पाच माणसांना १५० लिटरची टाकी पुरते. एकच गोष्ट बसवताना बघा, ती म्हणजे गच्चीपासून न्हाणीघरापर्यंतचा पाइप. अर्ध्या इंची पाइपाच्या दहा मीटरमध्ये पावणेदोन लिटर पाणी मावतं. प्रत्येक आंघोळीला आधी ते थंड पाणी सांडावं लागतं आणि मागे तेवढंच गरम पाणी पाइपात थंड होत पडतं. पाइप जवळच्या वाटेने उतरवा आणि त्यावर इन्सुलेशनची नळी चढवायला लावा. प्लंबर 'काही गरज नाही मॅडम' म्हणेल. ऐकू नका.

स्वतःची गच्ची नसेल तर आंघोळी एकामागोमाग करा. तापलेल्या गंजाखाली पुन्हा पुन्हा गॅस पेटवण्यापेक्षा ते बरं. सासू-सासऱ्यांच्या बादलीला हात लावू नका. म्हाताऱ्या माणसाने जानेवारीच्या पहाटे गार पाण्याने आंघोळ करून देशाचं परकीय चलन वाचवावं, असं मला तरी वाटत नाही.

शेगडीवर काय खरं, काय खोटं

इथे सासऱ्यांना न्याय देतो. त्यांची सवय एका क्षणी अगदी शास्त्रशुद्ध आहे आणि एका क्षणी निरुपयोगी.

एक लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला आणायला ७० किलोकॅलरी लागतात. पण तेच लिटरभर पाणी वाफ करून उडवायला ५४० लागतात. उकळी आल्यावर पाण्याचं तापमान वाढत नाही. ज्योत कितीही मोठी ठेवा, पाणी १०० वरच राहणार आणि वरचा सगळा गॅस वाफ बनून खिडकीतून जाणार. उघड्या गंजात डाळ खदखदत ठेवली आणि अर्धा लिटर पाणी उडालं, तर जवळपास चार लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता उडाली. म्हणून उकळी आली की झाकण ठेवायचं आणि गॅस बारीक करायचा. कुकरची पहिली शिट्टी झाली की बारीक करायचा, कारण आतलं तापमान तेव्हा १२० अंशांपर्यंत पोचलेलं असतं आणि शिजणं त्यावर चालतं, शिट्ट्यांच्या संख्येवर चालत नाही. पाच शिट्ट्या मोजत बसणं ही सवयीची गोष्ट. दोन मंद शिट्ट्या आणि मग दहा मिनिटं बंद कुकर, तूरडाळीला एवढं पुरतं, ती अर्धा तास भिजवलेली असेल तर नक्कीच. हरभरा, वाटाणा, राजमा रात्रभर भिजलाच पाहिजे. न भिजवता शिजवायला घेतला तर गॅस दुपटीजवळ जातो आणि तरी दाणा टचटचीत राहतो.

उकळी यायच्या आधी मात्र गॅस बारीक करून काही मिळत नाही, स्वयंपाकाचा वेळ तेवढा वाढतो. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर येऊन कडेने चाटत नाही ना, एवढं बघा. छोटं भांडं मोठ्या बर्नरवर ठेवणं, ही चहाच्या वेळची हमखास चूक.

आणखी एक खास नागपुरी गोष्ट. एप्रिल-मे मध्ये हॉलमधल्या कूलरचा झोत थेट स्वयंपाकघरात येतो. कूलर चालतो तोच मुळी दार-खिडकी उघडी ठेवून. त्या वाऱ्यात ज्योत फडफडते, भांड्याऐवजी हवा तापते. झोताच्या आड एक पत्रा किंवा लाकडी फळी उभी करा, फरक लगेच दिसेल.

ज्योत पिवळी असेल, भांड्याचं बूड काळं होत असेल, तर गॅस नीट जळत नाहीये. बर्नरची भोकं उतू गेलेल्या दुधाने-डाळीने बुजलेली असतात. बर्नर काढून सोड्याच्या गरम पाण्यात घासून टाका. जेटमध्ये मात्र सुई घालू नका, भोक मोठं होतं. ते काम मेकॅनिकचं. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. हा बचतीचा विषय नाही, पण स्वयंपाकघरात शिरलोच आहे तर सांगून ठेवतो.

या सगळ्यातून गॅसमध्ये किती वाचेल? स्वयंपाकाच्या गॅसमधला दहा ते पंधरा टक्के. बरंच झालं, पण यासाठी घरात रोज किटकिट करण्याइतकं नाही. रविवारी सावजी रस्सा करायचा असेल तर तो मंद आचेवर जेवढा वेळ मागतो तेवढा द्या. महिन्यातले ते दोन-तीन तास हिशेबात कुठेच दिसत नाहीत.

पार्किंग

पेट्रोलवर सगळे सल्ले देतात, त्यामुळे आधी टाकून देण्याजोगे सल्ले. सकाळी थंड वेळी पेट्रोल भरलं की जास्त मिळतं, हे खोटं. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान दिवसभरात फारसं बदलत नाही. टाकीत टाकायच्या 'मायलेज वाढवणाऱ्या' गोळ्या आणि बाटल्यांवर पैसे घालवू नका. पेट्रोलच्या नळीला बांधायच्या चुंबकाबद्दलही कुणी विचारलंच तर तेच उत्तर.

कामाचं पहिलं म्हणजे टायरमधली हवा. नागपूरचे रस्ते आता बरेचसे सिमेंटचे झालेत, त्यावर कमी हवेचं टायर नुसतं तापतं आणि झिजतं. गाडी चालवून आल्यावर हवेचा दाब जास्त दाखवतो, म्हणून सकाळी थंड टायरमध्ये तपासायची, दर पंधरा दिवसांनी. बाईकची चेन ढिली आणि कोरडी असेल तर तिथेही पेट्रोल जातं. एअर फिल्टर उन्हाळ्याच्या शेवटी साफ करा, आपल्याकडची धूळ काही साधी नसते.

दुसरं सिग्नल. थांबलेली दुचाकी तासाला पाव लिटरपेक्षा थोडं कमी पेट्रोल पिते. मानेवाडा ते हिंगणा वाटेत सहा मोठे सिग्नल लागले आणि प्रत्येकी दीड मिनिट गेलं, तर जाऊन-येऊन १८ मिनिटं होतात. महिन्याचं दीड लिटर. यजमानांच्या १३ लिटरांत हा भाग लहान नाही. काउंटर वीस सेकंदांच्या वर दिसला की इंजिन बंद, एवढीच सवय. आताच्या सेल्फ स्टार्टला याने काही होत नाही. कारचं इंजिन उभ्या-उभ्या याच्या तिप्पट पिऊ शकतं, एसी लावला तर आणखी. मेच्या दुपारी सिग्नलवर कारचा एसी बंद करा असं मी सांगणार नाही, लहान मूल किंवा म्हातारं माणूस मागे बसलेलं असतं. पण शाळेच्या गेटबाहेर पंधरा मिनिटं एसी लावून उभ्या राहणाऱ्या गाड्या बघितल्या की हात शिवशिवतात.

तिसरं आणि सगळ्यात मोठं म्हणजे ती 'लागेल तशी' निघणारी कार. कारच्या २० लिटरांत किती फेऱ्या एकट्या माणसाच्या होत्या, हे एक महिना डायरीत लिहा. सासऱ्यांना दवाखान्यात नेणं, लग्नाला पाचही जण जाणं, या फेऱ्या कारच्याच. पण धरमपेठेत एकट्याने जाऊन एक पार्सल आणायचं, संध्याकाळी बेसा रोडवर दूध आणायचं, यासाठी टनभर लोखंड हलवणं म्हणजे नुकसानीचा सौदा. त्यातही इंजिन थंड असताना पहिले दोन-तीन किलोमीटर गाडी सर्वांत वाईट अ‍ॅव्हरेज देते. छोट्या फेऱ्या म्हणजे सगळ्या थंड इंजिनाच्या फेऱ्या. तीन कामं एका फेरीत बसवली तर निम्म्याने फरक पडतो.

मेट्रोचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी विचारेलच. डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण सुरू झाला: खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर, मध्ये सीताबर्डीला दोन्ही मार्ग मिळतात. ज्यांचं घर वर्धा रोडला आणि ऑफिस सीताबर्डी किंवा सदरकडे, त्यांनी दुचाकी न काढण्याचं मला कारण दिसत नाही. मानेवाड्याहून मात्र मेट्रो दूर आहे. यजमानांना आधी स्टेशन गाठा, मग बर्डीला बदला, मग लोकमान्यनगरहून एमआयडीसीत आत जा, असं करावं लागेल. रोज होणार नाही. हिंगण्यापर्यंतचा मार्ग दुसऱ्या टप्प्यात आहे, तो सुरू झाला की पुन्हा विचार करा. तुम्हाला स्वतःला बर्डीपर्यंत 'आपली बस' ही शहर बस सोयीची पडते का बघा. वेळ जुळत नसेल तर स्कूटरच ठीक, ८ लिटरांसाठी स्वतःचे हाल करू नका. यजमानांच्या कंपनीतला कुणी मानेवाडा-अयोध्यानगर भागात राहत असेल तर आळीपाळीने एका बाईकवर जाणं हा मेट्रोपेक्षा सोपा मार्ग आहे. १३ लिटरांचे सरळ साडेसहा होतात, तेही एक रुपया न गुंतवता.

इंडक्शन: माझं उत्तर लोकांना आवडत नाही

लोकांना वाटतं गॅस आयात होतो आणि वीज आपली, त्यामुळे इंडक्शन घेतली की सगळं साधलं. वीज आपलीच आहे, अगदी घराजवळची. कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रं इथून हाकेच्या अंतरावर आहेत आणि कोळशाच्या खाणीही आपल्याच परिसरात. पण ती वीज येते कशी ते बघा. कोळसा जाळून पाण्याची वाफ, वाफेने टर्बाइन, टर्बाइनने जनित्र. या वाटेत कोळशातली साठ टक्क्यांहून अधिक उष्णता चिमणी आणि कूलिंग टॉवरमधून जाते. उरलेली वीज तारांमधून येते, थोडी वाटेत गळते, आणि मग तुम्ही तिचं पुन्हा उष्णतेत रूपांतर करता.

एका सिलिंडरमधून चांगल्या शेगडीवर भांड्याला जेवढी उष्णता मिळते, तेवढी इंडक्शनवर मिळवायला साधारण १३५ युनिट लागतात. औष्णिक केंद्रात त्यासाठी ९० किलोच्या आसपास कोळसा जळतो. देशातल्या सगळ्या प्रकारच्या विजेच्या सरासरीने धरलं तरी कार्बन डायऑक्साइड ९५ किलोच्या घरात, आणि सिलिंडर जाळून होतो ४३ किलो. म्हणजे धूर तुमच्या स्वयंपाकघरातून कोराडीला गेला आणि जाताना दुप्पट झाला. कोराडीच्या आजूबाजूच्या गावांतल्या लोकांना राखेबद्दल विचारा.

पैशांतही तसंच आहे. महावितरणचा घरगुती दर पहिल्या १०० युनिटनंतर जवळजवळ दुपटीला जातो. तुमचं घर १०० च्या वर असणारच, त्यामुळे इंडक्शनचं प्रत्येक युनिट महागड्या टप्प्यातलं. आजच्या दरांत गॅस स्वस्त पडतो. सिलिंडर संपला आणि नवा यायला वेळ आहे, तेव्हा घरात एक इंडक्शन असलेली बरी, त्यासाठी जरूर घ्या.

गच्चीवर सोलर पॅनेल असतील तर मात्र माझं उत्तर पूर्ण उलटं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून जास्त असेल तर ७८ हजार रुपये अनुदान आहे. आपल्याकडे एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. दुपारचा स्वयंपाक, हरभरा शिजवणं, हे तेव्हा इंडक्शनवर करा आणि गॅस पोळ्यांना ठेवा. फुलका ज्योतीवरच फुगतो, त्यावर वाद नको.

कूलर आणि एसीचाही इथेच निकाल लावतो. कूलर २०० वॅटचा, दीड टनी एसी चालू असताना हजार ते दीड हजार वॅट घेतो. कोरड्या मेमध्ये बाहेर ४४ असताना चांगल्या वाळ्याच्या ताट्यांचा कूलर २६-२७ अंशांची हवा देतो. तोपर्यंत एसीची गरज नाही. मृगाच्या सरीनंतर हवेत दमटपणा आला की कूलर निकामी, तेव्हा एसी लावायचाच तर २४-२६ वर आणि पंख्यासोबत. ताट्या दरवर्षी बदला, क्षार चढलेल्या ताटीतून नुसता आवाज येतो.

कुणी कमी करू नये

तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना तुम्ही गॅस वाचवायला सांगत असाल तर नका सांगू. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आल्यापासून गॅस आलेली कोट्यवधी घरं आहेत, पण त्यांतली बरीच अजून अर्धी चुलीवरच आहेत. सिलिंडर परवडत नाही म्हणून आंघोळीचं पाणी लाकडावर, भाकरी चुलीवर. अशा घरात गॅस 'वाचतो' तेव्हा तो धुराच्या रूपाने बाईच्या आणि मांडीवरच्या लेकराच्या छातीत जातो. चुलीवर लाकडातली जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता भांड्याला लागते, बाकी सगळा धूर आणि झळ. अशा घरांनी गॅस जास्त वापरावा, असं मी म्हणतो. एकदम पूर्ण पैसे भरणं जमत नसेल त्यांच्यासाठी ५ किलोचा सिलिंडर मिळतो. तुमची कार महिन्याला दोन फेऱ्या कमी निघाली की त्याचे पैसे सुटतात, पण हे तुमच्या-त्यांच्यातलं आहे, मी मध्ये पडत नाही.

तसंच उन्हाच्या लाटेत कूलर बंद ठेवून वीज वाचवणारे आजोबा मी बघितले आहेत. नागपूरने २३ मे २०१३ ला ४७.९ अंश बघितलंय. अशा दिवसांत बचतीचा विषयच काढायचा नाही.

मुलाची स्कूटर

द्या. इंडक्शनला नाही म्हणणारा माणूस इलेक्ट्रिक स्कूटरला हो कसा म्हणतो, असं तो विचारेल. वीज तीच, कोराडीचीच. फरक इंजिनात आहे. शेगडी गॅसमधली दोन-तृतीयांश उष्णता भांड्याला देते. पेट्रोलचं इंजिन मात्र पेट्रोलमधला पाचवा हिस्सा जेमतेम चाकाला देतं, बाकी सायलेन्सर आणि इंजिनच्या तापण्यात जातं. मोटरला असं उधळायला जमत नाही. पेट्रोल स्कूटरला १०० किलोमीटरला सव्वादोन लिटर लागतं, म्हणजे सुमारे २० युनिट उष्णता आणि ५ किलो कार्बन डायऑक्साइड. इलेक्ट्रिकला चार्जिंगची गळती धरून साडेतीन युनिट, आणि देशातल्या विजेच्या त्याच सरासरीने हिशेब लावला तर अडीच किलो. पैसे तर कितीतरी कमी, महागड्या टप्प्यातलं युनिट धरूनसुद्धा. उष्णता हवी तर जिथे हवी तिथेच जाळा, आणि चाक फिरवायचं तर मोटरने फिरवा, असा माझा हिशेब आहे.

पण एक अट घाला. रोज सर्वांत जास्त किलोमीटर ज्याचे, स्कूटर त्याला. तुमच्या घरात ते यजमान आहेत. ६५० किलोमीटरचं पेट्रोल बंद झालं तर १३ लिटर वाचतात. मुलाने कॉलेजला नेली तर त्याच्या मानाने किरकोळ, आणि पानठेल्याच्या फेऱ्या फुकट झाल्यासारख्या वाढतील. यजमानांची बाईक मुलाला द्या. तो नाराज होईल, त्याला तुम्ही बघून घ्या.

घ्यायच्या आधी घरी वायरमन बोलावून पार्किंगमधला प्लग १५ अँपियरचा आहे का आणि अर्थिंग लागतं का ते तपासून घ्या. जुन्या प्लॉटवरच्या घरांत अर्थिंगची तार असते, पण खाली कुठे जोडलेलीच नसते. मीटरवरचा मंजूर भार एक किलोवॅट असेल आणि घरात एसी-गिझर असेल तर तो वाढवून घ्या. उन्हाळ्यात गाडी आणल्या-आणल्या चार्जिंगला लावायची नाही, तासभर सावलीत थंड होऊ द्यायची. आपल्या उन्हात बॅटरी लवकर म्हातारी होते. पत्र्याच्या शेडखाली दुपारी उभी करायची असेल तर शेडवर हिरवी जाळी किंवा थोडा तुराट्यांचा थर टाकून घ्या, मगच बुकिंगचे पैसे भरा.